शनिवारवाड्यातील हाक आणि आपली साक्ष



जळगाव-धुळ्याकडची मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्याला जाऊ लागली, तेव्हापासून पुण्याच्या अनेक गोष्टी आपल्या घरांत येऊन बसल्या आहेत. त्यांतली एक गोष्ट शनिवारवाड्याची. पौर्णिमेच्या रात्री, कोणी म्हणतो अमावास्येच्या, वाड्याच्या तटाआडून एका कोवळ्या मुलाचा आवाज येतो : ‘काका, मला वाचवा!’ मोठी मुले ही गोष्ट लहानांना सांगतात, लहान मुले मोबाइलवर तिच्या चित्रफिती शोधतात आणि मग रात्री दिवा मालवू देत नाहीत. आमच्या मकतबातल्या एका मुलाने मला सरळच विचारले, ‘मौलाना, तो आवाज मुर्द्याचा असतो की जिन्नचा?’

प्रश्न लहान मुलाचा असला तरी त्याचे उत्तर मोठ्यांनाच अधिक हवे आहे, असे मला वाटते.

प्रथम वाड्याविषयी. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला आणि दोन वर्षांत वाडा उभा राहिला. १८१८ साली पेशवाई संपली. पुढे दहा वर्षांनी, १८२८ च्या फेब्रुवारीत, आतल्या इमारतीला आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. आज तट, बुरूज, पाच दरवाजे, दगडी जोती आणि कारंज्यांचे हौद एवढेच शिल्लक आहे. त्याच दिल्ली दरवाज्याच्या पार्श्वभूमीवर नृत्य-संगीताचे महोत्सव झाले आहेत आणि वाड्याचा इतिहास ध्वनी व प्रकाशाच्या खेळातून लोकांना दाखवण्यात आला आहे. नृत्य-संगीताविषयी फिकहचा जो प्रश्न आहे तो आज बाजूला ठेवतो. त्यावर या मासिकात पूर्वीही लिहिले गेले आहे. आज विषय त्या हाकेचा आहे. कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत न छापलेला, तरी सर्वांत अधिक लोकांना ठाऊक असलेला असा तो त्या वाड्याचा कार्यक्रम होऊन बसला आहे.

आता वाचकहो, पुण्याहून थोडे दूर, चौदा शतकांपूर्वीच्या अरबस्तानात चला. इस्लामपूर्व अरबांची अशी समजूत होती, की एखाद्याचा खून झाला आणि त्याचा सूड घेतला गेला नाही, तर त्याच्या डोक्यातून एक पक्षी बाहेर पडतो. त्याला ते ‘हामा’ म्हणत. घुबडासारखा हा पक्षी कबरीवर बसून रात्री ओरडत राही, ‘मला पाजा, मला पाजा.’ काय पाजायचे, हे टोळीतल्या प्रत्येकाला कळे : मारेकऱ्याचे रक्त. सूड पुरा झाला, की पक्षी गप्प होई. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अपशकुन आणि तशाच इतर समजुती नाकारताना हाम्याचेही नाव घेऊन तो नाही असे सांगितले. ही हदीस सहीह बुखारीत आहे. हामा म्हणजे नुसता घुबडाचा अपशकुन, असाही अर्थ काही भाष्यकारांनी केला आहे. परंतु खून झालेल्याचा पक्षी हा अर्थ जुना आणि प्रसिद्ध आहे.

तटाआडचा आवाज आणि कबरीवरचा पक्षी यांच्यात मला फारसे अंतर दिसत नाही. दोन्हीकडे अन्यायाने मारलेला माणूस आहे, दोन्हीकडे रात्र आहे आणि दोन्हीकडे एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येते.

मकतबातल्या त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते. मेलेला माणूस आपल्या इच्छेने परत येऊन वाड्यात, विहिरीत किंवा पिंपळावर मुक्काम करीत नाही. सूरह अल-मुअमिनूनच्या ९९ व १०० या आयतींत मरणाऱ्याची ती विनवणी आली आहे : मला परत पाठव, म्हणजे मी काही चांगले करीन. ती मान्य होत नाही. त्याच्यापुढे पुनरुत्थानाच्या दिवसापर्यंत बरजखचा पडदा असतो. सूरह अज-जुमरच्या ४२ व्या आयतीत अल्लाह आत्म्यांना ताब्यात घेतो आणि ज्यांच्या मृत्यूचा निर्णय झाला त्यांना रोखून ठेवतो, असे स्पष्ट केले आहे. रोखून ठेवलेला आत्मा पौर्णिमेला सुटतो आणि प्रतिपदेला परततो, असे मानायला येथे जागाच उरत नाही.

यावर आपल्यातला जाणता वाचक म्हणेल, ‘मुर्दा नसेल, पण जिन्न तर असतो ना? कुरआनात त्यांच्या नावाची सूरहच आहे.’ होय, जिन्न आहेत. ते आहेत असे मानणे आपल्या ईमानात येते. परंतु जिन्न आहेत असे मानणे वेगळे आणि ओसाड भिंतीमागच्या प्रत्येक आवाजावर त्यांचे नाव लिहिणे वेगळे. सूरह सबामध्ये हजरत सुलैमान (अलै.) यांच्या मृत्यूचा प्रसंग आहे. ते काठीला टेकून उभे होते आणि त्याच अवस्थेत त्यांचा मृत्यू झाला. जिन्न त्यांच्यापुढे राबतच राहिले. वाळवीने काठी पोखरली, देह खाली आला, तेव्हा त्यांना कळले. समोर उभा असलेला माणूस जिवंत आहे की मेलेला, हेही ज्यांना समजले नाही, त्यांना गैबचे जाणकार मानून आपण का भ्यावे? सूरह अल-जिन्नच्या ६ व्या आयतीत तर असे आहे, की काही माणसे जिन्नांचा आश्रय मागत आणि त्यामुळे त्यांची पीडाच वाढत गेली. साया, असर, आसेब या शब्दांवर आमच्या काही मोहल्ल्यांत ज्यांचा संसार चालतो त्या आमिलांनी ही आयत आपल्या बैठकीत भिंतीवर लावावी, असे माझे नम्र सुचवणे आहे. आजारी सुनेला डॉक्टरकडे नेण्याऐवजी वर्षभर उतारे करीत ठेवणाऱ्या घरांविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे.

एवढ्यावर लेख थांबवता आला असता. भूत नाही, भिऊ नका, आयतुल कुर्सी म्हणा आणि झोपा. मुलासाठी ते पुरेसे आहे. आपल्यासाठी मात्र नाही. कारण हाम्याचा पक्षी नाकारताना इस्लामने केवळ एक भीती दूर केली असे समजणे अपुरे होईल. त्या पक्ष्याने एक काम हाती घेतले होते, आणि ते काम इस्लामने त्याच्याकडून काढून जिवंत माणसांच्या हाती दिले. सूरह बनी इस्राईलच्या ३३ व्या आयतीत अन्यायाने मारलेल्याच्या वारसाला हक्क दिला आहे आणि त्याच वाक्यात मर्यादा ओलांडण्याची मनाई केली आहे. सूरह अल-बकरात किसास आहे आणि त्याच्या जोडीला माफी व रक्तमूल्यही आहे. पक्ष्याला फक्त रक्त समजत होते. कायद्याला चौकशी, पुरावा, साक्षीदार आणि क्षमा हे सारे समजते. हिजरी सन १० मध्ये अरफातच्या मैदानावरील प्रवचनात प्रेषितांनी अज्ञानकाळातील रक्ताचे सर्व जुने दावे रद्द केले, आणि पहिला रद्द केला तो स्वतःच्या घराण्यातला : त्यांचे चुलतभाऊ रबीआ यांच्या मुलाच्या खुनाचा. ते मूल दूध पिण्यासाठी दुसऱ्या टोळीत ठेवले असता मारले गेले होते. विचार करा, त्या लहानग्याच्या नावाने किती वर्षे किती पक्षी ओरडले असतील.

हे ध्यानात ठेवून आता पुन्हा शनिवारवाड्यात येऊ आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी तेथे काय घडले ते पाहू.

नारायणराव पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे होते. गणेशोत्सवाचे दिवस होते. गारदी वाड्यात शिरले ते दुपारी एकच्या सुमारास. हे पुन्हा वाचा : भरदुपारी. भूत रात्रीचे येते, पण खून दिवसाउजेडी झाला. शेकडो माणसांची ये-जा असलेल्या राजवाड्यात झाला. नारायणराव काका रघुनाथरावांकडे धावले आणि त्यांना बिलगले. सेवक चाफाजी टिळेकर मध्ये पडला आणि धन्याबरोबर कापला गेला. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांच्या माहितीप्रमाणे अर्ध्या तासात अकरा माणसे मेली. त्यांत चाकर होते आणि दोन दासी होत्या.

अकरा माणसे मेली आणि हाक मात्र एकाचीच ऐकू येते. अडीचशे वर्षांत त्या दोन दासींचा आवाज कोणाच्याही कानावर आलेला नाही. लोककथेचे भूतसुद्धा दर्जा पाहूनच निघते, असे दिसते. जिवंतपणी ज्यांचे ओरडणे कोणी मोजले नाही, त्यांचे मेल्यानंतरही कोणी मोजीत नाही.

आणखी एक नाव सांगणे माझ्यावर बंधनकारक आहे. कटात सुमेरसिंग होता, खडकसिंग होता, तुळाजी पवार होता आणि मुहम्मद यूसुफ नावाचा मुसलमानही होता. कोणी म्हणेल, मौलाना, हे लिहिण्याची काय गरज? गरज सूरह अन-निसाच्या १३५ व्या आयतीने निर्माण केली आहे. न्यायासाठी ठामपणे उभे राहा, साक्ष तुमच्या स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध जात असली तरीही, असा तिचा आदेश आहे. मारेकरी आपल्या नावाचा निघाला म्हणून ते पान उलटून पुढे जाणाऱ्याला, इतरांनी आपल्यावरचा अन्याय लपवला अशी तक्रार करता येत नाही.

वाड्याच्या कथेतून आणखी एक माणूस गायब आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी चोरी आहे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी या खुनाची चौकशी केली. धागा ज्याच्यापर्यंत पोहोचला तो रघुनाथराव त्या वेळी स्वतः पेशवा होऊन बसला होता. रामशास्त्र्यांनी त्याला तोंडावर सांगितले, की या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही. आणि ते पुणे सोडून निघून गेले. पुढे बारभाईंच्या कारभारात ते परत आले. प्रेषितांनी जुलमी सत्ताधीशापुढे सत्य बोलणे हा श्रेष्ठ जिहाद म्हटला आहे. एका मराठी न्यायाधीशाच्या आयुष्यात त्याचा असा नमुना सापडतो, हे मी मदरशाच्या मुलांना नेहमी सांगतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ साली याच प्रकरणावर ‘भाऊबंदकी’ नाटक लिहिले. बी.ए.च्या वर्गात ते वाचताना मला जाणवले होते, की नाटकाला रामशास्त्र्यावाचून चालत नाही. भुताच्या गोष्टीला मात्र तो नकोच असतो. निवाडा आला, की हाक संपते. आणि हाक संपली, तर मध्यरात्री तटाजवळ जाण्यात मौज काय राहिली? शिवाय नाटक आपण नाटक आहोत हे कबूल करते. भुताची गोष्ट सांगणारा मात्र ‘माझ्या मित्राच्या मामाने स्वतः ऐकले’ म्हणतो. कानावर पडेल ते सारे सांगत सुटणे माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, या अर्थाची हदीस सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेत आहे. तिची आठवण मामांच्या मित्रांनाही असावी.

‘ध’चा ‘मा’ हीही याच वळणाची गोष्ट. नारायणरावांना ‘धरावे’ असे लिहिलेल्या कागदावर आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, असे आपण सारेच सांगतो. मराठीत तो वाक्प्रचारच झाला आहे. तो आरोप सिद्ध झालेला नाही. मेलेल्यांना दूषणे देऊ नका, ते आपल्या कर्मांपर्यंत पोहोचले आहेत, हा प्रेषितांचा उपदेश हजरत आइशा (रजि.) यांनी कथन केला आहे. इतिहासाने चिकित्सा करावी, साधने तपासावीत. त्याला येथे मनाई नाही. आपल्या धुळ्यातच १९२६ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे वारले आणि त्यांच्या स्मरणार्थ राजवाडे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. गावोगाव हिंडून, घरोघरची दप्तरे सोडवून या माणसाने मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले. मेलेल्यांचे म्हणणे ऐकण्याची ती एक प्रामाणिक रीत आहे, आणि तिच्यात डोळे फार दुखतात.

वाचकहो, पुण्यावरच बोट ठेवून मी मोकळा होऊ इच्छित नाही. आपण सहलीला बुऱ्हाणपूरला जातो, तेथे १६३१ साली मुमताज महलचा मृत्यू झाला. बाळंतपणात गेलेल्या त्या स्त्रीचा आत्मा महालात फिरतो, अशी गोष्ट तेथे सांगितली जाते आणि आपल्या बायकामुले ती ‘सुब्हानल्लाह’ म्हणत ऐकतात. असीरगडावर अश्वत्थामा येतो म्हणतात. या तर गडा-महालांच्या गोष्टी झाल्या. आपल्या तापी-गिरणाकाठच्या गावांत अशी जुनी विहीर क्वचितच असेल, जिच्यात कोणी हडळ नाही.

अशाच एका गावाचा प्रसंग सांगतो. गावाचे नाव घेत नाही. जुमाच्या नमाजनंतर एक गृहस्थ तावीज मागायला आले. घरची मुलगी विहिरीकडून येताना घाबरली होती. विहिरीत एक सून आहे, म्हणाले, संध्याकाळनंतर रडते. मी विचारले, ती मेली कशी? ‘पडली.’ किती वर्षे झाली? ‘सात-आठ.’ पडली तेव्हा जवळ कोण होते? ते गप्प राहिले. तिच्या माहेरचे आले होते का, पोलिसांनी गावात कोणाला विचारले का, विचारले तेव्हा तुम्ही काय सांगितले? यावर ते उठलेच. ‘मौलाना, मी तावीज मागायला आलो होतो,’ एवढे म्हणून निघून गेले.

त्या माणसाची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. त्याला काहीतरी ऐकू येत होते. सूरह अल-बकराच्या २८३ व्या आयतीत साक्ष लपवणाऱ्याचे हृदय पापी होते, असे म्हटले आहे. जीभ नव्हे, हृदय. ज्या गावाने एका बाईचे ओरडणे ती जिवंत असताना ऐकले नाही, ते गाव पुढे वर्षानुवर्षे दर संध्याकाळी ते ऐकत राहते आणि त्याला हडळ म्हणते. हडळ म्हटले, की बरे पडते. हडळीला तावीज चालतो, नारळ चालतो. साक्षीदाराला मात्र ठाण्यात जावे लागते, कोर्टाच्या तारखा कराव्या लागतात, भाऊबंदांशी वैर घ्यावे लागते.

शनिवारवाड्यापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर ओंकारेश्वराजवळचा पूल आहे. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी तेथे डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालून मारण्यात आले. ईश्वराविषयीच्या त्यांच्या आणि आपल्या भूमिकेत मोठे अंतर आहे, ते मी लपवीत नाही. पण निरपराध जिवाच्या हत्येला कुरआनाने साऱ्या मानवजातीच्या हत्येसमान ठरवले तेव्हा मृताचा अकीदा विचारलेला नाही. त्या पुलावर रात्री कोणाला हाक ऐकू येते असे मी ऐकलेले नाही. तेथे ऐकू आले ते तपासाचे आणि खटल्याचे कामकाज : दहा वर्षांहून अधिक काळ चाललेले, कंटाळवाणे, साक्षींनी भरलेले. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना सोडले. हा निकाल कोणाला पुरा वाटेल, कोणाला अपुरा. तरीही तो माणसांनी माणसांसाठी केलेला प्रयत्न आहे, आणि हाम्याच्या पक्ष्यापेक्षा तो अल्लाहने सांगितलेल्या वाटेच्या अधिक जवळ आहे.

मग शनिवारवाड्यात जाऊच नये का? जावे. पृथ्वीवर फिरा आणि पूर्वीच्यांचा शेवट कसा झाला ते पाहा, असे कुरआनच वारंवार सांगते. तबूकच्या मोहिमेत समूदच्या वस्तीजवळून जाताना प्रेषितांनी सोबत्यांना सांगितले होते, की येथे रडतच शिरा, रडू येत नसेल तर शिरू नका. समूदवर अल्लाहचा प्रकोप झाला होता, आणि वाड्यात तर मारले गेलेले निरपराध होते. म्हणून तो हुकूम येथे जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु जेथे माणसे मेली तेथे कोणत्या मनाने पाऊल टाकावे, याचा अदब त्यातून नक्कीच शिकता येतो. थरारासाठी तिकीट काढून मुलांना तेथे नेऊ नये. दिवसा न्यावे. वाड्याच्या एका दरवाज्याला नारायण दरवाजा म्हणतात. नारायणरावांचा छिन्न देह त्या वाटेने बाहेर नेला, असे सांगतात. तेथे मुलांना उभे करावे आणि दुपारी एक वाजता काय झाले ते सांगावे. चाफाजीचे नाव सांगावे, मुहम्मद यूसुफचे सांगावे, रामशास्त्र्याचे सांगावे.

मुलगा विचारील, मग मारलेली माणसे कधीच बोलत नाहीत का? बोलतील. सर्वांत आधी ज्या गोष्टीचा निवाडा होईल ती रक्ताची असेल, असे प्रेषितांनी सांगितले आहे. तिर्मिजीच्या एका हदीसनुसार मारला गेलेला माणूस आपल्या मारेकऱ्याला धरून आणील, त्याच्या शिरांतून रक्त वाहत असेल आणि तो म्हणेल, हे पालनकर्त्या, याने मला का मारले ते याला विचार. सूरह अत-तकवीरमध्ये जिवंत पुरलेल्या मुलीला विचारले जाईल, की कोणत्या अपराधासाठी तुला मारले गेले. तिला नाव नव्हते, तिची कबर कोणाला ठाऊक नव्हती, तिच्यासाठी कोणताही पक्षी ओरडला नव्हता. त्या दिवशी पेशव्यांच्या पाठोपाठ त्या दोन दासीही बोलावल्या जातील, आणि विहिरीतली सूनही; आणि त्या दुपारी, त्या संध्याकाळी जवळपास कोण कोण उभे होते, हेही तेथे निघेल.